सेवाग्रामची बापू कुटी : मातीचं घर टिकतं कसं आणि बघायला जाताना काय बघावं

वर्धा : जिल्ह्यातल्या बहुतेकांनी बापू कुटी एकदा तरी पाहिलेली असते. शाळेच्या सहलीत, नाहीतर कस्तुरबा दवाखान्यात कुणाला दाखवायला नेलं तेव्हा वाटेत. दहा मिनिटांत आत जाऊन बाहेर यायचं, चप्पल घालायची आणि निघायचं. त्यामुळे खूपशा गोष्टी नजरेतून सुटतात. हे घर कुणासाठी बांधलं होतं, त्यात काय काय वापरलंय, इतके पावसाळे ते उभं कसं राहिलं, हे फारसं कुणी विचारत नाही. खरं तर आजूबाजूच्या तालुक्यांत मातीची घरं झपाट्यानं कमी होत असताना हेच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचे आहेत. सेवाग्रामला जाणाऱ्यांसाठी आणि ज्यांच्या गावात अजून आजोबांचं मातीचं घर उभं आहे त्यांच्यासाठी ही माहिती.

सेगावचं सेवाग्राम

१२ मार्च १९३० रोजी दांडीसाठी साबरमती आश्रम सोडताना गांधीजींनी स्वराज्याशिवाय तिथे परतणार नाही असं ठरवलं होतं. पुढे तुरुंगवास, हरिजन यात्रा असं सगळं झाल्यावर १९३४ मध्ये जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून ते वर्ध्याला आले आणि मगनवाडीत राहू लागले. त्याच वर्षाअखेर अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. ग्रामोद्योगाचं काम करायचं आणि राहायचं मात्र शहरात, हे त्यांना पटेना.

वर्ध्यापासून आठेक किलोमीटरवर सेगाव नावाचं खेडं होतं. मीराबेन, म्हणजे मूळच्या इंग्लंडच्या मॅडेलिन स्लेड, तिथे आधीच काम करत होत्या. गावातली बरीच जमीन जमनालालजींची होती. ३० एप्रिल १९३६ रोजी सकाळी गांधीजी वर्ध्याहून पायी सेगावला आले. वैशाखातलं ऊन, धड रस्ता नाही, टपाल कार्यालय नाही, वर मलेरियाचा त्रास. त्याच वर्षी स्वतः गांधीजीही मलेरियानं आजारी पडले.

सेगाव आणि बुलडाणा जिल्ह्यातलं शेगाव या नावांच्या सारखेपणामुळे टपालाचा घोळ व्हायचा. म्हणून १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. पुढे वर्धा पूर्व या रेल्वे स्थानकालाही सेवाग्राम हेच नाव मिळालं.

पहिलं घर : आदि निवास

आवारात सगळ्यात आधी बांधलेलं घर म्हणजे आदि निवास. बांधकामाबद्दल गांधीजींच्या अटी प्रसिद्ध आहेत. खर्च १०० रुपयांच्या वर जाऊ नये, सामान जवळपास मिळणारं असावं आणि काम गावच्या माणसांनी करावं. प्रत्यक्षात खर्च या आकड्यात बसला नाही, पण बाकीच्या गोष्टी पाळल्या गेल्या. माती, लाकूड, बांबू आणि कवेलू, जे गावच्या कुठल्याही शेतकऱ्याच्या घरात असायचं तेच इथेही वापरलं गेलं.

सुरुवातीला या एकाच घरात सगळे राहायचे. गांधीजी, कस्तुरबा, सोबतचे कार्यकर्ते, आलेगेले पाहुणे, सगळ्यांचं झोपणं, उठणं, जेवण, पत्रव्यवहार एकाच छपराखाली. सरहद्द गांधी खान अब्दुल गफार खान यांचाही मुक्काम इथे झाला. इतक्या पुरुषमंडळींत कस्तुरबांची अडचण व्हायची. ती ओळखून जमनालालजींनी त्यांच्यासाठी शेजारी लहानसं घर बांधून दिलं. तीच बा कुटी.

बापू कुटी मुळात बापूंची नव्हती

पाहुण्यांना हे सांगितलं की आश्चर्य वाटतं. आज जिला बापू कुटी म्हणतात ती झोपडी मीराबेननी स्वतःसाठी उभारून घेतली होती. आदि निवासातली गर्दी वाढल्यावर गांधीजी या झोपडीत राहायला आले आणि पुढची अनेक वर्षं हेच त्यांचं घर आणि कचेरी झालं.

मीराबेनचा हात आजही भिंतीवर दिसतो. ओल्या मातीत बोटांनी उठवलेलं ताडाचं झाड, मोर, चरखा आणि ॐ. आपल्याकडे गावात बाया भिंतीवर नागोबा किंवा वेलबुट्टी उठवतात, त्याच जातीचं हे काम आहे. वेगळा रंग नाही की कुठली चौकट नाही, भिंतीचीच माती थोडी पुढे आलेली. घाईत असलेल्या माणसाला ते दिसतही नाही. आत शिरल्यावर एक मिनिट थांबावं, डोळे अंधाराला सरावले की आकार उमटू लागतात.

आत सामान मोजकंच आहे. बसायची गादी, समोर लिहायचं बुटकं मेज, पुस्तकांसाठी छोटी फळी, तीन माकडांची मूर्ती, पिकदाणी. बाजूला आजारी माणसाला ठेवायची जागा आणि न्हाणी. इथल्या वस्तूंमधला गांधीजींचा चष्मा चोरीला गेल्याचं २०११ मध्ये उघडकीस आलं, तेव्हा देशभर बातम्या झाल्या होत्या. ज्या घराला कडेकोट बंदोबस्ताची सवयच नाही, त्याची ही दुसरी बाजू.

जानेवारी १९७८ मध्ये इव्हान इलिच हे विचारवंत सेवाग्रामला एका परिषदेच्या उद्घाटनासाठी आले होते. भाषणाआधी ते या कुटीत बराच वेळ बसले आणि मग याच झोपडीवर बोलले. एवढ्याशा घरात त्यांनी सात प्रकारच्या जागा मोजून दाखवल्या. पायताणं काढायची जागा, मधली मोठी खोली, कामाला बसायची जागा, पाहुण्याची, आजाऱ्याची, उघडी ओसरी आणि न्हाणी. माणसाला लागतं ते सगळं इथे आहे आणि सामानाचा ढीग तेवढा नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. ते भाषण पुढे जगभर वाचलं गेलं. कुटी बघताना या सात जागा आपणही मोजून पाहाव्यात. मुलं सोबत असली तर हा खेळ त्यांना हमखास आवडतो.

आवारातल्या बाकीच्या कुट्या

बापूंचं कार्यालय : इथला टेलिफोन बघण्यासारखा आहे. व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या काळात, गांधीजींशी तातडीनं बोलता यावं म्हणून सरकारनं तो बसवला. त्याच ठिकाणी साप पकडायचा लाकडी चिमटा आणि पिंजराही ठेवला आहे. आवारात साप निघायचे. त्यांना मारायचं नाही, पकडून दूर नेऊन सोडायचं, हा आश्रमाचा नियम. एकीकडे थेट व्हाइसरॉयशी जोडणारी तार आणि दुसरीकडे सापाचा पिंजरा, दोन्ही एकाच छपराखाली.

महादेव कुटी : गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांचं घर. ते होण्याआधी महादेवभाई मगनवाडीत राहायचे आणि कामासाठी वर्धा ते सेगाव पायी ये-जा करायचे, तीही भर उन्हाळ्यात. १५ ऑगस्ट १९४२ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, कैदेत असतानाच त्यांचं निधन झालं.

परचुरे कुटी : संस्कृतचे जाणकार परचुरे शास्त्री यांना कुष्ठरोग झाला होता. त्या काळात अशा माणसाला गावात उभं करत नसत. गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतलं आणि त्यांची मालिश, जखमांची काळजी स्वतः घेतली. आवारातली ही सगळ्यात लहान झोपड्यांपैकी एक, पण बरेच जण सगळ्यात जास्त वेळ इथेच थांबतात.

आखिरी निवास : जमनालालजींनी स्वतःसाठी बांधलेलं घर. प्रकृतीच्या कारणानं गांधीजींना पुढे इथे हलवलं गेलं. ऑगस्ट १९४६ मध्ये ते इथूनच दिल्लीला गेले आणि पुढे नोआखालीला. त्यानंतर त्यांचं सेवाग्रामला परतणं झालं नाही. फेब्रुवारी १९४८ मध्ये येण्याचा विचार होता, पण ३० जानेवारीला त्यांची हत्या झाली. मार्च १९४८ मध्ये नेहरू, विनोबा आणि देशभरातले कार्यकर्ते पुढे काय करायचं हे ठरवायला इथे जमले.

समोरच्या प्रार्थनाभूमीजवळ गांधीजींनी लावलेला पिंपळ आणि कस्तुरबांनी लावलेली बकुळ आहे. कस्तुरबा १९४४ साली गेल्या, बकुळ अजून फुलते.

वर्ध्याचं ऊन आणि मातीची भिंत

वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणं नवीन नाही. जून १९४२ मध्ये अमेरिकन पत्रकार लुई फिशर आठवडाभर सेवाग्रामला राहिले. उकाड्यानं ते इतके हैराण झाले की पाण्यानं भरलेल्या टबात लाकडी खोकं ठेवून त्यावर बसायचे आणि दुसऱ्या खोक्यावर टाइपरायटर ठेवून लिहायचे. त्याच मुक्कामावर त्यांनी पुढे पुस्तक लिहिलं. नंतर महिनाभरात, १४ जुलै १९४२ रोजी, वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणीनं इंग्रजांनी भारत सोडावा असा ठराव केला आणि ८ ऑगस्टला मुंबईत त्यावर शिक्कामोर्तब झालं. देशाचं राजकारण त्या काळात या कवेलूच्या छपराखाली चालत होतं, ते असं.

दुपारी रस्त्यावरून कुटीत शिरलं की अंगाला फरक जाणवतो. यात जादू काही नाही. माती सावकाश तापते आणि सावकाश निवते. कवेलूंच्या फटींतून वर साचलेली गरम हवा निघून जाते. छप्पर भिंतीच्या बरंच बाहेर आलेलं असल्यानं भिंतीवर थेट ऊन पडत नाही. ओसरीमुळे झळ आतपर्यंत येत नाही. शेणामातीनं सारवलेली जमीन पायाला गार लागते. पत्र्याच्या घरात राहणाऱ्याला हा फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

घर टिकलं कशामुळे?

मातीच्या घराचा वैरी पाणी, त्यानंतर वाळवी. दगडी देऊळ शंभर वर्षं कुणी हात लावला नाही तरी उभं राहील. मातीच्या घराकडे दोन पावसाळे दुर्लक्ष झालं की संपलं. बापू कुटी आज उभी आहे ती कुणी तिला काचेत बंद केलं म्हणून नाही. दरवर्षी तिची डागडुजी होते म्हणून.

काम आपल्या आजीआजोबांना पाठ असलेलंच आहे. पावसाळ्याआधी कवेलू उतरवायचे, फुटके काढायचे, खालचे बांबू तपासायचे आणि पुन्हा रचायचे. भिंतीचे पोपडे निघाले असतील तिथे माती, गव्हाचं कुटार आणि शेण कालवून, भिजवून, तुडवून छपाई करायची. जमीन सारवायची. भिंतीच्या पायथ्याशी पाणी साचणार नाही असा उतार ठेवायचा.

मातीची निवडही महत्त्वाची. आपल्या भागातली काळी कपाशीची माती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. ती एकटी भिंतीला चालत नाही. म्हणून जुने लोक पांढरी किंवा पिवळी माती शोधून आणायचे, त्यात कुटार मिसळायचे. हे ज्ञान पुस्तकात कमी आणि हातात जास्त होतं. तो हात गेला की ज्ञानही जातं.

मग प्रश्न पडतो, दरवर्षी नवी माती चढवली तर हे घर ‘मूळचं’ राहिलं का? आजच्या भिंतीवरची छपाई १९३७ सालची नाही, सगळे कवेलूही त्या काळचे असू शकत नाहीत. पण मातीच्या घराचं मूळपण त्याच्या आकारात, मापात आणि दुरुस्तीच्या पद्धतीत असतं. उद्या कुणी टिकाऊपणाच्या नावाखाली आतून सिमेंटची भिंत घालून वरून मातीचा रंग दिला, तर दिसायला घर तेच राहील, पण बापू कुटी राहणार नाही. म्हणूनच इथे माणूस जपणं घर जपण्याइतकंच गरजेचं आहे. छपाई येणारा, कवेलू रचता येणारा, बांबू ओळखणारा माणूस.

परिसराचंही तसंच. २०२० मध्ये वर्धा-सेवाग्राम रस्त्याच्या रुंदीकरणासाठी जुनी झाडं तोडली जाऊ लागली तेव्हा वर्ध्यातले नागरिक रस्त्यावर उतरले होते. कुटीपर्यंतची सावली हा कुटीचाच भाग आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

गावात मात्र स्लॅब

आश्रमाच्या कुंपणाबाहेर पाहिलं तर चित्र वेगळं आहे. सेलू, देवळी, समुद्रपूर, आर्वी, कुठल्याही तालुक्यात जा, मातीची घरं पडत आहेत आणि जागी विटा-सिमेंटची उभी राहत आहेत. विदर्भातल्या कित्येक गावांतल्या पांढऱ्या मातीच्या गढ्या पावसागणिक विरघळत चालल्या आहेत.

यासाठी गावाला दोष देऊन उपयोग नाही. मातीच्या घराचं वर्षभराचं काम असतं आणि सारवणं, पोतणं, छपाईसाठी माती तुडवणं हा भार मुख्यतः बायांवर पडायचा. दिवसभर कपाशी वेचून आल्यावर घर सारवायचं कुणी? त्यात साप-विंचवाची धास्ती आणि अतिवृष्टीत भिंत खचायची भीती. पक्क्या घराची ओढ समजण्यासारखी आहे. प्रश्न एवढाच की पक्कं म्हणजे सिमेंटच का. वर्ध्याजवळ दत्तपूरला ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र गेली अनेक दशकं याच प्रश्नावर काम करतं आहे. माती सुधारून वापरणं, कुंभारानं घडवलेल्या शंकूच्या आकाराच्या कवेलूंची कमान करून छप्पर घालणं, असे प्रयोग तिथे झाले. घर बांधायचं मनात असेल तर सेवाग्रामच्या फेरीत तिकडेही जाऊन यावं.

तुमच्याकडे मातीचं घर असेल तर

- मातीच्या भिंतीवर सिमेंटचं प्लास्टर करू नका. आत ओल अडकते, माती सैल होते आणि काही वर्षांत प्लास्टरचे पापुद्रे मातीसकट निघतात. माती-शेणाची छपाई किंवा चुनाच बरा.
- पावसाळ्याआधी सगळ्यात आधी छप्पर बघा. भिंत पडण्याची सुरुवात बहुतेक वेळा फुटक्या कवेलूपासून होते.
- छपराची वळचण आखूड करू नका. पागोळ्या भिंतीपासून लांब पडल्या पाहिजेत.
- भिंतीलगत नळ, मोरी किंवा फुलझाडांचा वाफा नको. पायथा कोरडा राहिला तर अर्धं काम झालं.
- लाकडी खांब जमिनीत जिथे जातो तिथे वाळवी आधी लागते. दर काही महिन्यांनी टोचून बघा.
- घर पाडायचंच ठरलं असेल तर आधी फोटो आणि मापं घेऊन ठेवा. बांधणारे म्हातारे गावात असतील तर त्यांच्याकडून पद्धत लिहून घ्या.

कसं जाल?

सेवाग्राम वर्धा शहरापासून सुमारे ८ किलोमीटर. वर्धा बसस्थानकावरून एसटी आणि ऑटो मिळतात. वर्धा आणि सेवाग्राम ही दोन्ही रेल्वे स्थानकं मुख्य मार्गांवर आहेत. नागपूरहून अंतर सुमारे ७५ किलोमीटर. आश्रमासमोर यात्री निवास आहे, आवाराजवळ साधं जेवण मिळतं. आश्रमाची व्यवस्था सेवाग्राम आश्रम प्रतिष्ठान बघतं. पहाटे आणि संध्याकाळी सर्वधर्म प्रार्थना होते. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, म्हणून मुक्कामाला जायचं तर आधी चौकशी करावी.

एका दिवसात सकाळी सेवाग्राम, दुपारी वर्ध्यातलं मगन संग्रहालय आणि संध्याकाळी धाम नदीकाठचा विनोबांचा पवनार आश्रम, असं सहज जमतं. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्याच हस्ते सुरू झालेल्या मगन संग्रहालयात ग्रामोद्योगाची अवजारं आणि चरखे बघायला मिळतात.

जाताना एवढं पाळा

चप्पल बाहेर काढा. भिंतीला टेकू नका, हात लावू नका. रोज शेकडो हात लागले तर मातीचं नक्षीकाम राहत नाही. आत फोटो काढण्याआधी विचारा. मोठ्यानं बोलू नका, कारण हे संग्रहालय असलं तरी आवारात आजही प्रार्थना होते, सूत कातलं जातं.

आणि शक्य असेल तर पाऊस सुरू होण्याच्या थोडं आधी जा. कवेलू उतरवून पुन्हा रचण्याचं काम चालू असेल, तर ते उभं राहून नीट बघा, घरातल्या पोरांना दाखवा. बापू कुटी कशी टिकली याचं उत्तर त्या कामातच मिळतं.